गाडीतला गोपनीय अहवाल

गेल्या महिन्यात एका रविवारी बर्मिंगहॅमहून नातवाचा फोन आला. एरवी तो "कसे आहात आबा, जेवलात का" एवढं विचारून फोन आईकडे देऊन टाकतो. या वेळी मात्र स्वारी निवांत बसली होती. म्हणाला, "आबा, तुम्ही इतिहासवाले. मला एक सांगा, गाडीत काळी पेटी बसवून घेऊ की नको?"

काळी पेटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कोसळलेलं विमानच आलं. म्हटलं, "अरे, गाडी घेतोयस की विमान?"

मग हळूहळू उलगडा झाला. ओम एकोणीस वर्षांचा. नुकतंच लायसन्स मिळालेलं. कॉलेजला जायला एक जुनी, छोटी गाडी बघून ठेवलेली, तिची किंमत तीन हजार पौंड. आणि विमा? वर्षाचे २४०० पौंड! जवळजवळ मुकुटाइतकाच पेटारा महाग. मात्र गाडीत एक छोटं यंत्र बसवू दिलं तर हाच विमा १६००. हे यंत्र गाडी कधी निघाली, कुठे गेली, वेग किती, ब्रेक किती जोरात दाबला, वळण कसं घेतलं, सगळं टिपतं आणि विमा कंपनीला कळवतं. त्यावरून गुण मिळतात. गुण चांगले पडले तर पुढच्या वर्षी हप्ता कमी, वाईट पडले तर जास्त, फारच वाईट पडले तर पॉलिसीच रद्द.

जावईबापूंचं मत, आठशे पौंड म्हणजे काही थोडे नाहीत, लाव. लेकीचं मत, लावच, म्हणजे नीट चालवशील. आणि ओमचं म्हणणं, "आबा, म्हणजे माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही."

खरं सांगायचं तर मी आयुष्यात लुनाच्या पुढे गेलो नाही. पण 'इतिहासवाले' म्हणून विचारलं की मास्तर विरघळतो. त्याला म्हटलं, आठ दिवस दे.

सुरुवात नेहमीप्रमाणे शब्दापासून. विमा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भय. भयावर मोल लावायचं आणि ते वाटून घ्यायचं, हा मूळ धंदा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सावकारांकडे 'जोखमी हुंडी' चालायची, माल सुखरूप पोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर हुंडीही बुडाली. लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे सौदे होत, त्यातून पुढे लॉइड्स उभं राहिलं. पण या सगळ्यांत सावकार काय बघायचा? जहाज कसलं, तांडेल कोण, मोसम कुठला. जहाज एकदा निघालं की त्याच्या हाती वाट पाहणं एवढंच. माणूस सुकाणू कसं धरतो हे क्षणाक्षणाला बघायची सोय नव्हती.

ती सोय झाली, आणि गंमत म्हणजे विम्यासाठी नव्हेच.

१९५३ साली २ मे रोजी कलकत्त्याहून दिल्लीला निघालेलं एक कॉमेट विमान वादळात सापडून बंगालमध्येच कोसळलं. ४३ माणसं गेली. कॉमेट म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, ब्रिटनचा अभिमान. पण एकामागून एक अपघात होऊ लागले आणि कारण सापडेना. सांगायला कुणी उरलेलंच नसायचं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वैमानिकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड वॉरन नावाचा इंधनाचा अभ्यासक होता, कॉमेटच्या चौकशीच्या चर्चेत तोही बसलेला. त्याने एका प्रदर्शनात पोलादी तारेवर आवाज मुद्रित करणारं खिशात मावेल एवढं यंत्र पाहिलं होतं. असं यंत्र वैमानिकाच्या खोलीत असतं तर? वॉरन नऊ वर्षांचा असताना, १९३४ साली, त्याचे वडील बास सामुद्रधुनीवर विमान अपघातात गेले होते. त्यांचा देह मिळाला नाही, कारणही नक्की कळलं नाही. यंत्राची कल्पना त्यामुळेच सुचली असं मी म्हणणार नाही, इतिहासाच्या मास्तराने असली सोपी गणितं मांडू नयेत. पण 'काय झालं असेल' या प्रश्नासोबत तो वाढला होता, एवढं खरं.

त्याचं यंत्र तयार झालं आणि विरोध कुणी केला? वैमानिकांनी. त्यांच्या संघटनेला ती हेरगिरी वाटली. आम्ही खोलीत काय बोलतो हे मालकाने का ऐकावं? ऑस्ट्रेलियात कुणी दाद देईना. १९५८ मध्ये एक ब्रिटिश अधिकारी पाहुणा म्हणून प्रयोगशाळेत आला, त्याला त्याचं मोल कळलं आणि यंत्र इंग्लंडला गेलं. पुढे १९६० मध्ये क्वीन्सलंडमधल्या मकायजवळ विमान समुद्रात पडून २९ जण गेले, तेव्हा कुठे चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी असं यंत्र हवंच अशी शिफारस केली. (ही पेटी काळी नसतेच. ढिगाऱ्यात दिसावी म्हणून नारिंगी असते.)

वैमानिकांचा विरोध मोडून काढला असं आपल्याला वाटतं, पण तसं झालं नाही. पेटी बसली, पण कुंपणासकट. जुन्या आवाजपेटीत शेवटची तीसच मिनिटं राहायची, त्यामागचं आपोआप पुसलं जायचं. विमान सुखरूप उतरून उभं राहिलं की वैमानिकाला नोंद पुसायचं बटणही असे. आणि विमान अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाचा हे ठरवणं नव्हे, असं आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे. पेटी ही साक्षीदार होती, आणि साक्ष कशासाठी घ्यायची याला बंधन होतं.

दुसरी गोष्ट मालट्रकांची. टॅकोग्राफ नावाचं यंत्र. त्यात गोल कागदी तबकडी असते, ती चोवीस तासांत एक फेरा घेते आणि तिच्यावर सुई वेग, अंतर, ड्रायव्हर चालवतोय की विश्रांती घेतोय हे ओरखडत राहते. युरोपीय समुदायाने १९७० मध्ये ते सक्तीचं करायचं ठरवलं. उद्देश चांगला, ड्रायव्हरला सलग सोळा तास राबवणाऱ्या मालकाला चाप लागावा. पण ब्रिटनमधले ट्रक ड्रायव्हर भडकले. त्यांनी त्याचं नावच ठेवलं, 'केबिनमधला हेर'. त्यांची कामगार संघटना बलाढ्य. सरकारने घाबरून यंत्र ऐच्छिक ठेवलं. अखेर प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि ७ फेब्रुवारी १९७९ रोजी ब्रिटन हरलं. यंत्र आलं. पण १९८५च्या नियमात एक वाक्य आहे, ते मी दोनदा वाचलं : मालकाने तबकड्या किमान वर्षभर जपून ठेवाव्यात आणि ड्रायव्हरने मागितल्यास त्याला प्रत द्यावी.

प्रत द्यावी! हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि थोडा वेळ नुसताच बसलो. कारण माझ्या नोकरीत मला ही प्रत कधी मिळाली नव्हती.

आमच्या पिढीच्या मास्तरांना 'गोपनीय अहवाल' या शब्दांचा धाक सांगावा लागत नाही. वर्षाअखेरीस मुख्याध्यापक प्रत्येक शिक्षकाविषयी एक फॉर्म भरत. अध्यापन, वर्तन, वक्तशीरपणा, सचोटी. तो कपाटात जाई. शेरा प्रतिकूल असेल तर शिक्षकाला कळवावा, त्याचं म्हणणं घ्यावं, असा नियम होता. नियम होता. मी एका तालुक्याच्या गावी शिकवायचो आणि राहायचो अकरा किलोमीटरवर, आईच्या आजारपणामुळे. एका वर्षी पावसाळ्यात ओढ्यावरचा फरशी पूल वाहून गेला आणि सकाळची एसटी तीन महिने लांबच्या रस्त्याने यायची. मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शाईत लेटमार्क साठत गेले. रोज दहा, कधी पंधरा मिनिटं. मी ते तास मधल्या सुट्टीत भरून काढले. वर्गाचा एक धडा राहिला नाही, माझी टाचणवही त्याला साक्ष होती.

ते मुख्याध्यापक पुढच्या वर्षी बदलून गेले. मीही विसरलो. मग सहा-सात वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीची यादी लागली. माझ्या बरोबरीच्या, माझ्यानंतर लागलेल्या लोकांची नावं होती, माझं नव्हतं. ऑफिसातल्या एका भल्या क्लार्कने संध्याकाळी कपाट उघडून फॉर्म दाखवला. 'वारंवार उशिरा येतात. कामात गांभीर्य कमी.' बस्स. एवढ्या वाक्यासाठी दोन वर्षं फेऱ्या मारल्या. हिला मी हे नीट सांगितलंसुद्धा नाही, 'यादी लांबलीय' म्हणालो.

राग कशाचा होता, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मुख्याध्यापक खोटं लिहीत नव्हते. मस्टर खोटं बोलत नव्हतं. मी उशिरा येत होतो हे शंभर टक्के खरं. पण मस्टरवर कारणाचा रकाना नव्हता, आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याला ते वाचायची सोय नव्हती. देव दत्त नावाच्या एका अभियंत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये सांगितलं की अहवालातला प्रत्येक शेरा, वाईटच नव्हे तर चांगलासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. त्या गृहस्थांना 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीला 'अति चांगला' लागत होता! मी निवृत्त झालो त्याच वर्षी हा निकाल आला. असो.

तर, ओमच्या पेटीकडे येतो.

विमा किती वापर त्यावर असावा ही कल्पना जुनी आहे. १९६८ मध्ये विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की विमा वर्षाच्या ठोक रकमेऐवजी पेट्रोल किंवा टायर यांना जोडावा, जो जास्त चालवेल तो जास्त भरेल. नोबेल मिळालं १९९६ मध्ये, जाहीर झाल्यावर तीन दिवसांत ते गेले. टायरवर विमा कुणी लावला नाही, पण तोवर उपग्रह आणि मोबाइल आले होते. अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह कंपनीने १९९८ च्या सुमारास टेक्ससमध्ये पेटीचा पहिला प्रयोग केला. तो महाग पडला. मग त्याच कंपनीने २००४ मध्ये मिनेसोटात दुसरा केला, आणि तो मला फार आवडला. यंत्र ग्राहकाने स्वतः काढायचं, घरच्या कॉम्प्युटरला जोडायचं, आपली नोंद आधी आपण वाचायची आणि मग ती कंपनीला पाठवायची की नाही हे ठरवायचं. उत्तरपत्रिका आधी विद्यार्थ्याच्या हाती!

ब्रिटनमध्ये नॉर्विच युनियनने २००६ मध्ये 'जेवढं चालवाल तेवढं भरा' ही योजना आणली. रात्री उशिराचा मैल दिवसाच्या मैलापेक्षा कितीतरी महाग. लोकांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, २००८ मध्ये गुंडाळली. मग १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाचा एक निकाल आला. बेल्जियममधल्या ग्राहक संघटनेचा खटला होता. स्त्री की पुरुष यावरून विम्याचा दर ठरवता येणार नाही, २१ डिसेंबर २०१२ पासून. तोवर तरुण मुलींना विमा पुष्कळ स्वस्त पडे, कारण त्या कमी अपघात करतात. आता कंपन्यांना ती सोय उरली नाही, आणि मुलींना आपण जपून चालवतो हे सिद्ध करायला दुसरा मार्ग उरला नाही. पेटी तिकडे फोफावली त्यात या निकालाचा वाटा मोठा.

पेटीच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा मला इथे सापडला. पेटी नसेल तर ओमकडे कंपनी 'एकोणीस वर्षांचा मुलगा' म्हणून बघते, त्या वयाच्या सगळ्या पोरांची पापं त्याच्या माथी. मागच्या बाकावर बसतो म्हणून उनाड! मीसुद्धा कित्येक वर्षं असं केलं आहे. पेटी निदान त्याची त्याला बघते. आणि तरुण पोरं खरोखरच जास्त आपटतात हेही आजोबाने विसरून चालणार नाही. पर्यवेक्षक दाराशी उभा असला की वर्गाची मान खाली असते, हे पस्तीस वर्षं पाहिलंय.

पण मग अमेरिकेतली ती गोष्ट वाचली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलेली. सिएटलजवळच्या एका गृहस्थाचा विमा अचानक २१ टक्क्यांनी वाढला. अपघात एकही नाही. दुसऱ्या कंपन्यांकडे गेला, तिथेही तेच. शेवटी एका माहिती विकणाऱ्या कंपनीकडून त्याने आपला अहवाल मागवला. २५८ पानं! सहा महिन्यांतले ६४० प्रवास, प्रत्येकाची वेळ, अंतर, वेग, कुठे जोरात ब्रेक दाबला. ही नोंद जनरल मोटर्सच्या गाडीतूनच गेली होती. त्याने कुठलीही पेटी बसवून घेतली नव्हती, सवलतही घेतली नव्हती. बातमीनंतर कंपनीने ती योजना बंद केली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई जाहीर केली, गाडीचा ठावठिकाणा कधी कधी दर तीन सेकंदांना टिपला जात होता असं त्यात म्हटलं आहे. पाच वर्षं अशी माहिती पत-अहवालवाल्यांना द्यायला मनाई.

मला त्यात माझंच कपाट दिसलं. फक्त किल्लीवाला भला क्लार्क नव्हता.

वैमानिकांना संघटना होती, म्हणून तीस मिनिटांची मर्यादा होती. ट्रकवाल्यांना युनियन होती. आम्हां मास्तरांच्याही संघटना होत्या, चांगल्या-वाईट कशाही असोत. स्वतःची छोटी गाडी चालवणाऱ्या माणसाची संघटना कुठली? तो रात्री अकरा वाजता मोबाइलवर चाळीस पानी अटी न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवतो आणि एकटाच असतो.

आपल्याकडेही हे आलंय बरं का. गाडीला तिऱ्हाइताचा विमा इथे १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. २००७ पर्यंत गाड्यांच्या विम्याचे दर सरकारी तक्त्याप्रमाणे असत. जुलै २०२२ मध्ये विमा प्राधिकरणाने 'चालवाल तसं भरा' या प्रकाराला परवानगी दिली. सवलत मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावरच, तिऱ्हाइताच्या विम्याचा दर सरकार ठरवतं. शेजारच्या जोशीबुवांची गाडी महिन्यातून दोनदा देवदर्शनाला निघते, त्यांनी किलोमीटरवाली पॉलिसी घेतलीय आणि खूश आहेत. किलोमीटर मोजणं वेगळं आणि ब्रेक मोजणं वेगळं, हे मी त्यांना समजावायला गेलो तर म्हणाले, "सर, आता सुट्टी झालीय."

आठव्या दिवशी ओमला फोन केला. म्हटलं, विश्वास वगैरे सोड, विमा म्हणजे भयाचा धंदा, त्यात रुसू नकोस. कंपनीला दोन गोष्टी विचार. माझी नोंद मला जशीच्या तशी दिसेल का? आणि जोरात ब्रेक दाबला तर तो का दाबला हे सांगायची सोय आहे का?

पहिल्याचं उत्तर हो आलं. प्रत्येक फेरीची नोंद मोबाइलवर दिसते, शिवाय कायद्याने स्वतःविषयीच्या माहितीची प्रत मागता येते. दुसऱ्याचं उत्तर देणारी मुलगी फार गोड बोलली म्हणे, पण गुण आपोआप पडतात, कारणांसाठी जागा नाही.

ओमने पेटी बसवून घेतली. आठशे पौंड वाचले, त्यातला पहिला खर्च माझ्या सांगण्यावरून झाला, एक वही. ती गाडीच्या कप्प्यात असते. ब्रेकचे गुण कापले गेले की गाडी बाजूला उभी करून त्याने तारीख, वेळ, जागा आणि कारण लिहायचं. उद्या कुणी पॉलिसी रद्द करायला निघालं तर निदान हातात काहीतरी असेल. माझ्या वेळी टाचणवही होती म्हणून दोन वर्षांत सुटलो.

परवा त्याने पहिल्या पानाचा फोटो पाठवला. रात्री नऊ चाळीस, घराजवळचं वळण, जोरात ब्रेक. कारणाच्या रकान्यात आजोबांसाठी खास देवनागरीत लिहिलंय, 'कोला आडवा आला'. मी त्याचे गुण कापले नाहीत, फक्त 'कोल्हा' असं तीनदा लिहून पाठव म्हणालो.